कारखान्यातील शाळा



चालकांनी मला व्याख्यानाला बोलाविले, तेव्हा मी म्हटले, "मी सातवीपलीकडची शाळा पाहिलेली नाही. पुढचे सारे शिक्षण साखर कारखान्यात आणि कामगार संघटनेच्या कचेरीत झाले." ते म्हणाले, "मग त्या शाळेविषयीच बोला." म्हणून आज कामावरच्या शिक्षणाविषयी चार गोष्टी सांगणार आहे.

आपल्या माळशिरस तालुक्याला हा विषय परका नाही. नीरेच्या उजव्या कालव्याचे पाणी आले आणि सासवडच्या माळी शेतकऱ्यांनी १९३२ साली स्वतःचा साखर कारखाना उभारण्याचे धाडस केले. त्यातून माळीनगर वसले. १९३४ साली चंद्रशेखर आगाशे यांनी बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट स्थापिली, तिचा कारखाना श्रीपूरला झाला. पुढे अकलूजजवळ यशवंतनगरला सहकारी कारखाना निघाला. कालपर्यंत मोट धरणारा हात आज वाफेच्या व्हॉल्व्हवर पडला. त्या हाताला कोणी शिकविले?

गुऱ्हाळातला गुळव्या आपण पाहिला आहे. उकळता रस थोडा गार पाण्यात टाकून त्याची गोळी वळते का, हे तो पाहतो आणि काहिल उतरावयाची की नाही ते ठरवितो. साखर कारखान्यातला पॅनमन याच जातीचा कारागीर. पाक अंगठ्यात आणि बोटात धरून ताणावयाचा, तार कशी निघते ते पाहावयाचे आणि दाणा केव्हा धरेल हे ओळखावयाचे. आता मोजणीची यंत्रे आली, पडद्यावर आकडे दिसतात. तरी आकड्याचा अर्थ कळावयास आधी पाक कळावा लागतो.

मी ज्या कारखान्यात उमेदवारीला लागलो, तेथले मिस्त्री पाक पाहताना आमच्याकडे पाठ करीत. विचारले तर एकच उत्तर, "बघून शीक." आणि बघू तर देत नसत!

याचा परिणाम काय होतो तो ऐका. एके रात्री, तिसऱ्या पाळीत, मला वाफेची बंद लाइन चालू करावयास सांगितले. थंड नळात वाफेचे पाणी होऊन ते साचते. म्हणून आधी ड्रेनचा कॉक उघडून पाणी जाऊ द्यावे, मग व्हॉल्व्ह अगदी सावकाश उघडावा, हे मला कोणी सांगितले नव्हते. मी व्हॉल्व्ह एकदम फिरविला. साचलेल्या पाण्याचा गोळा वाफेने पुढे ढकलला, तो हातोड्यासारखा आदळला आणि नळाचा जोड फुटला. माझ्यापुढे उभ्या असलेल्या सोबत्याचा दंड आणि पाठ भाजली. चौकशी झाली. कागदावर लिहिले गेले : कामगाराचा निष्काळजीपणा. मंडळी, त्या कागदावर माझी सही आहे. मी निष्काळजी नव्हतो, मी अडाणी होतो. आणि मला अडाणी ठेवले गेले होते. हा फरक पटवून देण्यात माझे पुढचे आयुष्य गेले.

मग मिस्त्री दुष्ट होते काय? मुळीच नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. शिकविलेला पोऱ्या उद्या कमी पगारात आपल्या जागी बसेल, ही त्यांची भीती खोटी नव्हती. आमच्या संघटनेतही जुन्यांनी हेच म्हटले आणि कित्येक वर्षे मी मान डोलाविली. ती माझी चूक होती. मूठ झाकून नोकरी टिकली असेल, पण सोबत्याची पाठ भाजली.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतील कारखान्यांत नवखी माणसे झटपट तयार करावी लागली. तेव्हा नायकांना शिकविण्याची एक चार पायऱ्यांची पद्धत दिली गेली. आधी शिकणाऱ्याची भीती घालवा आणि त्याला काय येते ते विचारा. मग काम करून दाखवा व प्रत्येक पायरीचे कारण सांगा. तिसऱ्या पायरीवर त्याच्याकडून करवून घ्या आणि कारणे त्याच्याच तोंडून वदवा. शेवटी त्याला एकट्याला सोडा, पण येऊन पाहत राहा. शिकणाऱ्याला जमले नाही, तर दोष आधी शिकविणाऱ्यात शोधावा, असा तिचा दंडक होता. यात कोणता खर्च आहे? मला कोणी केवळ 'कारण' सांगितले असते, तर तो जोड फुटला नसता.

आपल्या देशातही १९५८ साली नागपूरला कामगार शिक्षणाचे केंद्रीय मंडळ निघाले; १९६१ साली शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला; १९७५ साली मांजरीला ऊस उत्पादकांनी साखर संशोधनाची संस्था उभी केली. पण कायदा दारापर्यंत आणून सोडतो. आत यंत्रापाशी हात धरणारा माणूसच लागतो.

व्यवस्थापक म्हणतात, "हंगामात वेळ कोठे आहे?" खरे आहे. गळीत चालू असता रात्रंदिवस चरक थांबत नाही. पण आता उन्हाळा आहे. गळीत संपले, यंत्रे खोलून ठेवली आहेत. खोललेल्या यंत्रासारखे दुसरे पुस्तक नाही, आणि ते वर्षातून एकदाच उघडते! नेमका त्याच वेळी हंगामी कामगार घरी बसलेला असतो. त्याचा रिटेन्शन भत्ताही कुशल-अकुशल या वर्गवारीप्रमाणे कमीजास्त ठरत आला आहे. म्हणजे ज्याला शिकविले नाही, त्याच्या चुलीवरही त्याचा परिणाम होतो. ठेकेदाराच्या माणसाला तर एवढाही आधार नाही.

म्हणून आमचे मागणे तीन ओळींचे आहे. बिगर हंगामात पगारी शिक्षण द्या, त्यात ठेकेदाराचा माणूसही घ्या. शिकविणे हे काम समजा आणि त्याचा वेगळा भत्ता द्या. आणि शिकविणाऱ्याची जागा शिकणाऱ्याच्या नावाने जाणार नाही, असे लिहून द्या. हे झाले, तर मूठ आपोआप उघडेल.

आपणांपैकी कोणी दुकानदार असतील, कोणाची गिरणी असेल, कोणाच्या गॅरेजात पोरे असतील. उद्या सकाळी एखाद्या पोराला एखादे काम सांगताना "असे कर" एवढ्यावर थांबू नका; "असे का" तेही सांगा. माझा तो सोबती आज हयात आहे. त्याच्या पाठीवरचे व्रण मला दर भेटीत तेवढेच बजावतात.