चांदीच्या नाण्यावरचे एक अक्षर



आज आम्ही तुम्हांला एका लहानशा नाण्याची ओळख करून देणार आहोत. हे नाणे इटली देशातल्या रोम शहरी इसवी सन १६१ मध्ये पाडलेले आहे. चांदीचे आहे. वजन पाव तोळ्याहून थोडे अधिक. रोमन लोक त्याला ‘दिनारियस’ म्हणत.

नाण्यावर एका दाढीवाल्या माणसाचा चेहरा आहे. कोण हा? नुसत्या चेहऱ्यावरून सांगता येईल काय? नाही. त्या काळी पुष्कळ बादशहा दाढी ठेवत. याचे डोके उघडे आहे, पानांची माळ नाही. जिवंतपणीच्या बहुतेक नाण्यांवर माळ असते. पण बहुतेक म्हणजे सगळ्या नव्हे! तेव्हा अक्षरे वाचल्यावाचून गत्यंतर नाही.

अक्षरे कडेने गोल आहेत. डाव्या हाताला खालून सुरुवात करायची आणि घड्याळाच्या काट्याप्रमाणे वाचत जायचे. पहिला शब्द लागतो ‘दीवुस’. दुसरा ‘अँटोनिनस’. दीवुस म्हणजे देव झालेला. आपला ‘देव’ आणि त्यांचा ‘दीवुस’ हे शब्द एकाच मुळाचे आहेत, बरे का! रोमचा बादशहा मेला, की तिथली मोठी सभा, तिला सिनेट म्हणत, ठराव करी, की हा आता देव झाला. सगळ्यांनाच हा मान मिळत नसे. देवपण ठरावाने मिळावे, याची आपल्याला गंमत वाटेल. पण त्यांच्यात तसे होते खरे.

अँटोनिनस पायस इसवी सन १६१ मध्ये वारला. त्याचा दत्तक मुलगा मार्कस ऑरेलियस गादीवर आला. त्याने बापाच्या नावाने ही नाणी पाडली.

आता नाणे उलटे करा. मागे गरुड आहे. राजाचा जीव गरुड वर घेऊन जातो, अशी त्यांची समजूत होती. काही नाण्यांवर गरुडाऐवजी चार मजली चिता दिसते. दोन्हींवर एकच शब्द आहे, त्याचा अर्थ ‘देव केले’.

इथेच माणूस फसतो. पुढे इसवी सन १८० मध्ये मार्कस ऑरेलियसही वारला, तोही देव ठरला. त्याच्याही नाण्यावर दाढी, उघडे डोके, मागे गरुड. नावही अँटोनिनस! मग बाप कोणता आणि मुलगा कोणता? मुलाच्या नाण्यावर ‘दीवुस’नंतर एक जादा अक्षर आहे, ‘म’. म्हणजे मार्कस. त्या अक्षरावरून एकोणीस वर्षांचा फरक कळतो.

म्हणून जुने नाणे चिंचेने किंवा राखेने घासू नये. चांदी लख्ख होईल, पण ते अक्षर झिजेल. मग जाणत्यालाही पटकन सांगता यायचे नाही.

रोमन नाणी आपल्या देशातही, विशेषतः दक्षिणेत, जमिनीत सापडली आहेत. नांगरताना असे काही लागले तर सोनाराकडे नेऊन आटवू नका. १८७८ सालचा कायदा आहे. जमिनीत दडलेले धन दहा रुपयांहून अधिक किमतीचे असले, तर कलेक्टरला लेखी कळवावे लागते. अर्जात जागा, तारीख आणि काय सापडले ते लिहा. तो अर्ज आता तुम्हांला स्वतःच्या हाताने लिहिता येईल.