मार्ककृत शुभवर्तमान : पार्श्वभूमी आणि आशय



ख्रिस्ती धर्मग्रंथात येशूच्या चरित्राचे चार ग्रंथ आहेत. मत्तय, मार्क, लूक आणि योहान या चौघांच्या नावांनी ते ओळखले जातात आणि मराठीत त्यांना शुभवर्तमाने असे म्हणतात. त्यांपैकी मार्काचे शुभवर्तमान सर्वांत लहान. अवघे सोळा अध्याय. सलग वाचावयास बसले तर एका बैठकीत सहज संपते. येशूच्या जन्माची कथा त्यात नाही, डोंगरावरील प्रसिद्ध प्रवचनही नाही. यामुळेच की काय, या ग्रंथाकडे शतकानुशतके फारसे कोणी लक्ष दिले नाही. मार्क हा मत्तयाचा संक्षेप करणारा लेखक होय, असे मत संत ऑगस्टिनने पाचव्या शतकाच्या उंबरठ्यावर नोंदवले आणि तेच पुढे रूढ झाले. एकोणिसाव्या शतकात मात्र चित्र पालटले. १८३५ मध्ये कार्ल लाखमान या जर्मन पंडिताने कथांच्या अनुक्रमाचा तौलनिक विचार मांडला आणि त्यानंतरच्या संशोधनातून बहुतेक अभ्यासक अशा निष्कर्षास आले की, चौघांत मार्क हाच आद्य होय. मत्तय आणि लूक यांनी आपापले ग्रंथ रचताना मार्क समोर ठेवला होता. मार्कातील मजकुराचा सुमारे नऊदशांश भाग मत्तयात या ना त्या रूपाने आढळतो.

या आद्य ग्रंथाचा अभ्यास करताना एक प्रश्न सतत मनाशी बाळगावा : हे कोणासाठी लिहिले गेले? या प्रश्नाच्या उजेडात ग्रंथातील पुष्कळ विचित्र वाटणाऱ्या गोष्टींचा अर्थ लागू लागतो.

ग्रंथाची भाषा ग्रीक आहे. पण पंडितांची नव्हे, बाजारपेठेत आणि बंदरात बोलली जाणारी. वाक्ये आखूड, घटना वेगवान. ‘लगेच’ या अर्थाचा ग्रीक शब्द चाळीसेक वेळा येतो. मधूनच येशूच्या मातृभाषेतले, म्हणजे अरामी भाषेतले शब्द जसेच्या तसे ठेवलेले दिसतात. मृतवत पडलेल्या मुलीला उठवताना उच्चारलेले शब्द, प्रार्थनेतील ‘अब्बा’ ही हाक, ही त्याची उदाहरणे. परंतु अशा बहुतेक ठिकाणी लेखक त्या शब्दांचा अर्थ सांगतो. जेवणापूर्वी हात धुण्याची यहुदी चालही तो समजावून देतो. गरीब विधवेने दानपेटीत टाकलेल्या दोन क्षुद्र नाण्यांचे मोल तो रोमन नाण्याच्या हिशेबाने सांगतो. याचा अर्थ उघड आहे. त्याचे वाचक पॅलेस्टाइनबाहेरचे, बव्हंशी यहुदीतर होते. प्राचीन परंपरा त्यांना रोममध्ये पाहते. काही आधुनिक अभ्यासक सीरियाकडे बोट दाखवतात.

काळाविषयी मात्र पुष्कळसे एकमत आहे. इसवी सन ६५ ते ७५ या दशकाच्या आसपास हा ग्रंथ सिद्ध झाला असावा. हे दशक मोठे भयंकर होते. इ. स. ६४ मध्ये रोम शहराला प्रचंड आग लागली. लोकांचा संशय सम्राट नीरोवर गेला आणि त्याने तो ख्रिस्ती लोकांवर ढकलला. रोमन इतिहासकार टॅसिटस याने या छळाचे वर्णन केले आहे. आधी काहींना पकडले आणि मग त्यांनी दिलेल्या माहितीवरून पुष्कळ इतर लोक सापडले, असे तो सांगतो. इकडे पॅलेस्टाइनमध्ये ६६ साली रोमविरुद्ध बंड पेटले आणि ७० साली यरुशलेमचे मंदिर जळून जमीनदोस्त झाले. आता मार्काचा तेरावा अध्याय उघडावा. मंदिराचा विध्वंस होईल, भाऊ भावाला मरणाच्या हवाली करील, असे इशारे येशूच्या तोंडी आहेत. ज्यांच्या घरातून माणसे ओढून नेली गेली होती, त्यांनी हे शब्द कोणत्या मनाने ऐकले असतील, याची कल्पना करावी.

‘शुभवर्तमान’ या शब्दालाही याच जगाचा संदर्भ आहे. मूळ ग्रीक शब्द राजकीय वापरातला होता. आशिया मायनरमधील प्रिएने येथे सापडलेल्या इ. स. पू. ९ च्या शिलालेखात ऑगस्टस सम्राटाच्या जन्मदिनासंबंधी हाच शब्द येतो. जगाला मिळालेली शुभवार्ता म्हणजे सम्राटाचा जन्म! मार्क आपल्या पहिल्याच वाक्यात हा शब्द उचलतो आणि रोमन अधिकाऱ्याच्या आज्ञेने वधस्तंभावर मेलेल्या एका गालीली माणसाला लावतो. असे लिहावयास धैर्य लागत असले पाहिजे.

आता ग्रंथाच्या रचनेकडे वळू. पूर्वार्धात येशू गालीलात फिरतो, रोग्यांना बरे करतो आणि आपण कोण आहोत हे कोणाला सांगू नका, असे पुनःपुन्हा बजावतो. ग्रंथाच्या मध्यावर, फिलिप्पाच्या कैसरियाच्या वाटेवर, पेत्र त्याला ख्रिस्त म्हणून ओळखतो. पण त्याच क्षणी येशू आपल्या दुःखभोगाविषयी बोलू लागतो आणि पेत्र त्यालाच अडवतो. पुढे येशू आपल्या मरणाविषयी आणखी दोनदा सांगतो. एकदा शिष्य आपल्यांत थोर कोण म्हणून वाद घालतात, तर एकदा दोघे बंधू मानाची आसने मागतात. या साऱ्या भागाच्या आरंभी बेथसैदाच्या आंधळ्याची गोष्ट आहे. त्याला दृष्टी एकदम येत नाही. पहिल्या स्पर्शानंतर माणसे त्याला चालत्या झाडांसारखी दिसतात. शेवटी यरीहोचा बार्तीमय येतो. तो दृष्टी मिळताच येशूच्या मागोमाग चालू लागतो. या दोन आंधळ्यांच्या मध्ये शिष्यांचे आंधळेपण मांडले आहे. त्यांनाही दिसते, परंतु अर्धवट.

अटकेच्या रात्री तर सारेच पळतात. एक तरुण अंगावरचे वस्त्र शिपायांच्या हाती सोडून उघडाच पळून जातो. पेत्र वाड्याच्या अंगणात शेकोटीपाशी, एका दासीच्या प्रश्नाने घाबरून, आपण त्या माणसाला ओळखतच नाही असे सांगतो. दुसऱ्या शतकाच्या प्रारंभीच्या पापियास या धर्माध्यक्षाने नोंदवलेली परंपरा अशी की, मार्क हा पेत्राचा दुभाषी होता आणि पेत्राच्या आठवणी त्याने लिहून ठेवल्या. ही परंपरा खरी असेल, तर आपल्या नामुष्कीची ही कथा खुद्द पेत्रानेच सांगितली असली पाहिजे.

संप्रदायाच्या आद्य पुरुषांची अशी भित्री बाजू सहसा कोणी लिहून ठेवत नाही. मार्काने ती का लिहिली? मला वाटते, त्याच्या श्रोत्यांत अशी माणसे बसली होती. चौकशीच्या वेळी ज्यांची जीभ अडखळली, ज्यांनी शेजाऱ्याचे नाव सांगितले आणि स्वतःचा जीव वाचवला, अशी. त्यांना पुन्हा मंडळीत जागा आहे की नाही, हा त्या काळचा जिव्हारी लागणारा प्रश्न असला पाहिजे. उत्तर शेवटच्या अध्यायात आहे. रिकाम्या कबरेपाशी स्त्रियांना निरोप मिळतो : शिष्यांना सांगा. आणि त्यांत पेत्राचे नाव वेगळे घेतलेले आहे. ज्याने नाकारले, त्यालाच नाव घेऊन बोलावणे आले.

या निरोपानंतर जे घडते ते आणखी विलक्षण आहे. स्त्रिया भीतीने थरथरत पळून जातात आणि कोणाला काही बोलत नाहीत. चौथ्या शतकातील दोन अतिप्राचीन हस्तलिखिते, सिनाय पर्वतावरील मठात सापडलेले आणि व्हॅटिकनमध्ये जतन केलेले, येथेच संपतात. पुढील बारा ओव्या मागाहून जोडल्या गेल्या, असे बहुतेक अभ्यासक मानतात. मूळ शेवट हरवला की लेखकाने हेतुतःच तेथे थांबणे पसंत केले, हा वाद आजही चालू आहे. मला दुसरा पक्ष अधिक पटतो. कारण त्या स्त्रिया कायमच्या गप्प राहिल्या असत्या, तर हा ग्रंथ आपल्या हाती आलाच नसता. भ्यालेली माणसे पुढे केव्हा तरी बोलली, याचा पुरावा म्हणजे हे पुस्तक.

श्रद्धावंत वाचक या ग्रंथात देवाचा पुत्र पाहील; इतरांना तो पहिल्या शतकातील एका छळलेल्या समाजाचा दस्तऐवज वाटेल. दोघांनीही तो एकदा सलग, शक्य तर मोठ्याने वाचावा. कारण तो मुळात चार माणसांत वाचून दाखवण्यासाठीच लिहिला गेला असावा. आणि वाचताना तो अंगणातील शेकोटीजवळचा माणूस विसरू नये. त्याच्यासारखे क्षण थोड्याफार फरकाने आपणा सर्वांच्या आयुष्यात येतात. त्या क्षणानंतरही माणसाचे नाव पुकारले जाऊ शकते, एवढेच मार्काला सांगावयाचे आहे.