चार दिवसांचं बाळ
(चिरनेर येथे हुतात्मा दिनी झालेले भाषण)



२५ सप्टेंबर १९३० ला इथं अक्कादेवीच्या माळावर गोळी चालली. त्यात आपला नाग्या कातकरी गेला. त्या हुतात्म्यांचं स्मारक उभं आहे. पण वाडीवर चार दिवसांचं बाळ जातं, त्याची नोंद कुठं? बारसंसुद्धा झालेलं नसतं. देवानं नेलं म्हणतो, गप बसतो.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी हे मानलं नाही. ३९ गावांत तिथल्याच बाया शिकवून तयार केल्या. त्या घरोघर जायच्या, तान्ह्याचं वजन करायच्या, श्वास बघायच्या. जंतुदोष झाला तर इंजेक्शनही द्यायच्या. होय, गावातली बाई! आधी हजारात ६२ बाळं पहिल्या महिन्यातच जात होती. १९९८ पर्यंत हा आकडा २५ वर आला. मोठ्या हॉस्पिटलची वाट बघत बसले नाहीत.

आपल्याकडं रस्ता मागितला की फॉरेस्टची हद्द दाखवतात. दळी आपल्या नावावर नाही, म्हणून काय बाळंतीणही आपली नाही? प्रत्येक वाडीला शिकवलेली बाई द्या. औषध द्या, मानधन द्या, तिला फुकट राबवू नका. हा ठराव ग्रामसभेत लिहून घ्या, तोंडी नको.

तोवर एवढं करा. बाळ जन्मलं की कोरडं पुसा, आईच्या उघड्या छातीशी धरा. लगेच अंघोळ नको. चीक पिळून टाकू नका, तोच पाजा. बाळ दूध ओढेना, गार पडलं, श्वास घेताना छाती आत जायला लागली, तर भगताकडं रात्र घालवू नका. झोळी करा, आईला घ्या, बाळ तिच्या अंगाशी बांधा आणि निघा.