पाण्याची वाटणी आणि न्यायबुद्धी



माणूस केवळ स्वतःचा लाभ पाहतो, असे गृहीत धरून पुष्कळ योजना आखल्या जातात. मझौलीसारख्या धान-गव्हाच्या मुलखात बोलताना मी मुद्दाम पुणे जिल्ह्यातील कोरड्या पुरंदर तालुक्याचे उदाहरण घेतो. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी नायगाव येथे पाणलोटाचे काम सुरू केले आणि त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. पाणी जमिनीच्या नव्हे, तर माणसांच्या प्रमाणात द्यायचे : दरडोई अर्ध्या एकरापुरते, कुटुंबाला कमाल अडीच एकरांपुरते. भूमिहीनालाही वाटा. उसाला मनाई. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. खर्चाचा पाचवा हिस्सा लाभधारकांनी भरायचा.

मोठ्या खातेदाराने हे का मानावे? माझ्या मते, शेजाऱ्यावरही तेच बंधन आहे, हे त्याला डोळ्यांनी दिसत होते म्हणून. सामुदायिक उपशाचा पंप अशा विश्वासावरच चालतो; वाटणी अन्याय्य वाटली की वीजबिलाचा हिस्साही थकतो.

केवळ दंडाने हे साधत नाही. इस्रायलमधील हैफा येथील पाळणाघरांत मुलांना नेण्यास उशीर करणाऱ्या पालकांना दंड लावला, तेव्हा उशीर वाढला. संशोधकांनी २००० साली नोंदवले की, दंड उठवल्यावरही तो घटला नाही. संकोच होता तेथे दर आला होता!

महाराष्ट्राने २००५ मध्ये कायदा करून कालव्यांचे व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थांकडे सोपवण्याची तरतूद केली. पाणी मोजून देण्याचे तत्त्वही त्यात आले. मात्र संस्थेचे सभासदत्व जमीनधारकालाच आहे. भूमिहीनाचा वाटा कायद्यात उतरला नाही.