साहेबांच्या मागें उभा असलेला मनुष्य

वर्तमानपत्रांत एखाद्या समारंभाचें छायाचित्र येतें, तेव्हां त्याच्या खालीं डावीकडून उजवीकडे सर्वांचीं नांवें छापलेलीं असतात. त्या चित्रांत पुष्कळदां आणखी एक मनुष्य असतो. बाकीची मंडळी छायाचित्रकाराकडे पाहत असतात; हा एकटाच भलतीकडे पाहत असतो. खालच्या यादींत त्याचें नांव नसतें आणि तें नाहीं म्हणून कोणाला चुकल्यासारखेंही वाटत नाहीं. हा मनुष्य म्हणजे त्या मोठ्या अधिकाऱ्याचा अंगरक्षक. आजच्या भाषणांत मी त्याच्याविषयीं बोलणार आहें.

अंगरक्षकासंबंधीं आपल्या मनांत सामान्यतः दोन कल्पना असतात. एक चित्रपटांतील: धिप्पाड देह, काळा चष्मा आणि हातघाईची मारामारी. दुसरी रस्त्यावरची: लोकांना ढकलून साहेबांच्या मोटारीला वाट करून देणारा एक उद्धट इसम. या दोन्ही कल्पनांतून त्याचें खरें काम निसटून जातें. तें काम काय असतें, हें एका साध्या उदाहरणानें पाहूं.

पालघर जिल्ह्यांतील वसई तालुक्यांत चांदीप नांवाचें एक गांव आहे. अशा गांवीं उद्यां सकाळीं दहा वाजतां एका वरिष्ठ अधिकाऱ्यांची सभा आहे, अशी कल्पना करा. गांवकऱ्यांच्या लेखीं तो कार्यक्रम दहाला सुरू व्हावयाचा असतो. रक्षकांच्या लेखीं तो आदल्या दिवशींच सुरू झालेला असतो. महामार्ग सोडल्यावर गांवाकडे येणारा रस्ता कोठें अरुंद होतो? तो अडला तर परत जाण्यास दुसरी वाट आहे काय? मांडवाला दारें किती, आणि त्यांतील साहेबांसाठीं राखून ठेवावयाचें कोणतें? कोणत्या घराच्या गच्चीवरून व्यासपीठ सरळ दिसतें? सर्वांत जवळचें रुग्णालय कोठें, आणि तेथें पोंचण्यास किती मिनिटें लागतात? मोटार येतांना कशीही येवो, उभी राहतांना मात्र ती बाहेर जाण्याच्या दिशेला तोंड करूनच उभी राहिली पाहिजे. हार घालणारे किती, आणि ते कोण, हेंही आधींच विचारून ठेवावें लागतें.

मग सभा सुरू होते. साहेब लोकांकडे पाहून हंसतात, आणि त्यांच्या एक पाऊल मागें असलेला मनुष्य लोकांच्या हातांकडे पाहूं लागतो. चेहऱ्यावर भाव आणतां येतो, पण घाव घालावयाचा तो हातानेंच. म्हणून त्याची नजर हातांवर. अशा वेळीं गर्दींतून एक म्हातारी पुढें येते. तिच्या जमिनीचा कांहीं तंटा आहे. ती लुगड्याच्या ओच्यांत हात घालते. त्या ओच्यांत अर्ज आहे कीं आणखी कांहीं, हें ठरविण्यास अंगरक्षकाजवळ एखादा क्षण असतो. त्यानें तिला ढकललें, तर सरकारनें एका गरीब बाईचा अपमान केला असें होतें, आणि तें खरेंही असतें. त्यानें तिला येऊं दिलें आणि तर्क चुकला, तर त्याला आयुष्यभर स्वतःला क्षमा करतां येणार नाहीं. शंभर वेळां ओच्यांतून अर्जच निघतो. या शंभर अर्जांनीं नजर सैल होऊं न देणें आणि तरीही म्हातारीशीं माणुसकीनें वागणें, हें त्याच्या कामांतील सर्वांत अवघड कसब होय.

आणि प्रसंग खरोखरच आला, तर? त्याचें पहिलें कर्तव्य हल्लेखोरास पकडणें हें नसतें. साहेबांना खालीं दाबणें, आपल्या शरीराची आड करणें आणि त्यांना तेथून बाहेर काढणें, हा क्रम त्याला शिकविलेला असतो. याच कारणासाठीं त्याचे दोन्ही हात मोकळे असावे लागतात. साहेबांची बॅग, छत्री किंवा बाईसाहेबांच्या भाजीची पिशवी त्याच्या हातीं देणें यांत केवळ त्याचा अपमान नाहीं. तेवढा वेळ साहेबांना संरक्षणच नसतें.

श्रोतेहो, हें काम आजचें नाहीं. १० नोव्हेंबर १६५९ रोजीं प्रतापगडाच्या पायथ्याशीं शिवाजीमहाराज व अफझलखान यांची भेट झाली, तेव्हां कोणीं किती माणसें जवळ ठेवावयाचीं याची बोलणीं आधीं झालीं होतीं. खानाजवळ सय्यद बंडा हा नामांकित पट्टेकरी उभा आहे असें पाहून महाराजांनीं त्याला दूर करावयास लावलें, असें सभासदाची बखर सांगते. पुढें तोच सय्यद बंडा महाराजांवर धांवून आला, तेव्हां जिवा महाला यानें त्याला तेथेंच आडवें केलें. 'होता जिवा म्हणून वाचला शिवा' ही म्हण आपण मुलांना शिकवितों. तिच्यांतील शौर्य आपल्याला चटकन दिसतें; भेटीपूर्वींची ती बारीक तजवीज आपण विसरतों.

याच्या अगदीं उलट प्रसंग पुण्यास शनिवारवाड्यांत घडला. ३० ऑगस्ट १७७३ हा तो दिवस. नारायणराव पेशवे तेव्हां अवघे अठरा वर्षांचे होते. वाड्यावरील गारद्यांचा पगार थकला होता, आणि त्यांच्या असंतोषाचा उपयोग करून घेणारे लोक वाड्यांतच होते. कांहीं तरी शिजत आहे याचा सुगावा त्या दिवशीं पेशव्यांना लागला होता आणि बंदोबस्त करण्याची सूचना त्यांनीं हरिपंत फडक्यांना दिली होती. परंतु तो बंदोबस्त दुपारच्या जेवणानंतर करूं म्हणून राहिला, असें इतिहासकार सांगतात. दुपारीं सुमेरसिंग गारदी व त्याचे सोबती वाड्यांत घुसले. पेशव्यांनीं धांवत जाऊन आपले चुलते रघुनाथराव यांना मिठी मारली, पण तेथेंही त्यांना अभय मिळालें नाहीं.

त्या वेळीं चाफाजी टिळेकर नांवाचा एक खिजमतगार मध्यें पडला. त्यानें आपल्या अंगानें धन्याला झांकलें आणि त्याच्याबरोबर तो मारला गेला. पहाऱ्याचें वेतन गारद्यांचें होतें. चाफाजीचें काम पाण्याचा तांब्या, विडा, कपडे पुढें करण्याचें. रक्षणाकरितां ठेवलेल्यांनीं तरवार चालविली, आणि रक्षणाची जबाबदारी ज्याच्यावर नव्हती त्यानें अंग पुढें केलें. मला वाटतें, अंगरक्षकांविषयीं जें कांहीं शिकावयाचें आहे, तें सारें या एका दुपारींत आहे. थकलेला पगार, उद्यांवर टाकलेला बंदोबस्त आणि धनी व रक्षक यांच्यांत तुटलेला विश्वास, एवढ्या तीन गोष्टी जमल्या कीं उंच तट आणि भक्कम दरवाजे कांहींएक कामाचे राहत नाहींत. चमत्कार असा कीं, याच १७७३ सालीं सप्टेंबरमध्यें काशीस वॉरन हेस्टिंग्जनें पन्नास स्वारांचें आपलें अंगरक्षक पथक उभें केलें. तें पथक राष्ट्रपतींचें अंगरक्षक दल म्हणून आजही चालू आहे.

या खुनाचे धागे आपल्या वसईपर्यंत येतात. पेशवाईसाठीं इंग्रजांचा आश्रय घेणाऱ्या रघुनाथरावांनीं १७७५ च्या सुरतेच्या तहांत वसई आणि साष्टी देऊं केली. चिमाजीअप्पांनीं १७३९ मध्यें एवढें रक्त सांडून घेतलेली ती वसई! पुढें रघुनाथरावांचे चिरंजीव दुसरे बाजीराव यशवंतराव होळकरांच्या भीतीनें पुणें सोडून त्याच वसईस आले आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजीं त्यांनीं इंग्रजांशीं तह केला. कमींत कमी सहा हजार पायदळाची तैनाती फौज इंग्रजांनीं पेशव्यांच्या मुलखांत कायम ठेवावी, आणि तिच्या खर्चासाठीं पेशव्यांनीं सव्वीस लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यावा, असें ठरलें. राजकारणाची परिभाषा बाजूला ठेवली, तर हा अंगरक्षक ठेवण्याचाच करार होता. फरक इतकाच कीं, या रक्षकाचा हुकूम धन्याच्या हातीं नव्हता. त्याचा शेवट १८१८ मध्यें झाला: पेशवाई बुडाली आणि पेशवे आठ लाखांच्या नेमणुकीवर ब्रह्मावर्तास गेले. रक्षक कोणाचा हुकूम मानतो, हा प्रश्न तो किती बळकट आहे या प्रश्नाच्या आधींचा आहे.

स्वातंत्र्यानंतर या प्रश्नाला लोकशाहीचें वळण मिळालें. २० जानेवारी १९४८ रोजीं दिल्लीस बिर्ला भवनांत स्फोट झाला. त्यानंतर पहारा वाढला, पण प्रार्थनेस येणाऱ्यांची झडती घेण्यास गांधीजींनीं संमति दिली नाहीं. दहा दिवसांनीं, ३० जानेवारीस, त्यांचा खून झाला. संताला आपला देह धोक्यांत घालण्याचा अधिकार असेल. पण त्यांच्या रक्षणासाठीं नेमलेल्या शिपायापुढें त्या दहा दिवसांत केवढा पेंच असेल, याचा विचार आपण फारसा करीत नाहीं. ३१ ऑक्टोबर १९८४ रोजीं तर पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्यावर त्यांच्याच निवासस्थानीं, त्यांच्याच संरक्षणावर असलेल्या दोघांनीं गोळ्या झाडल्या. शनिवारवाड्याची आठवण व्हावी असाच तो प्रसंग. त्यानंतर १९८५ मध्यें पंतप्रधानांसाठीं स्वतंत्र विशेष संरक्षण दल निघालें आणि १९८८ मध्यें त्याचा कायदा झाला.

आपल्या पुण्यांतही १० ऑगस्ट १९८६ रोजीं माजी सेनापति जनरल अरुणकुमार वैद्य यांची हत्या झाली. निवृत्त होऊन त्यांना अवघे कांहीं महिने झाले होते. बाजारांतून घरीं परततांना ते स्वतः मोटार हांकीत होते. पत्नी बरोबर होत्या आणि एक अंगरक्षकही मोटारींत होता. दुचाकीवरून आलेल्या मारेकऱ्यांनीं चालत्या मोटारीवर गोळ्या झाडल्या. वैद्य तत्काळ मरण पावले. पत्नी आणि अंगरक्षक जखमी झाले. रणांगणावर दोनदां महावीर चक्र मिळविलेल्या सेनानीला घराजवळच्या रस्त्यावर मरण आलें. अंगरक्षक असला म्हणजे भय संपलें, असें मानणाऱ्यांनीं हा प्रसंग लक्षांत ठेवावा. अधिकारपद सोडलें तरी त्या पदावर असतांना केलेल्या कामाचा सूड माणसाचा पाठलाग करीत राहतो.

आणि २६ नोव्हेंबर २००८ ची रात्र. मुंबईच्या कामा रुग्णालयाच्या इमारतींत सदानंद दाते हे अधिकारी मोजक्या सहकाऱ्यांनिशीं शिरले. त्यांतील उपनिरीक्षक प्रकाश मोरे व शिपाई विजय खांडेकर यांना वीरमरण आलें, आणि दाते स्वतः जखमी झाले. त्याच रात्रीं रुग्णालयाजवळच्या गल्लींत हेमंत करकरे, अशोक कामटे व विजय साळसकर हे अधिकारी एकाच मोटारींत मारले गेले. त्या मोटारीच्या मागच्या भागांत शिपाई होते. त्यांपैकीं अरुण जाधव हे एकटे जगले. जखमी अवस्थेंत सहकाऱ्यांच्या देहांखालीं पडून राहून, अतिरेकी मोटार सोडून गेल्यावर त्यांनीं बिनतारी यंत्रावरून खबर दिली. तेथें कोण साहेब आणि कोण शिपाई हा भेद गोळीनें केला नाहीं. १ ऑक्टोबर २०२० रोजीं मिरा-भाईंदर, वसई-विरारसाठीं स्वतंत्र पोलीस आयुक्तालय सुरू झालें, तेव्हां त्याचे पहिले आयुक्त म्हणून हेच दाते आले. आपला शिपाई आपल्याबरोबर कोठवर येतो, हें ज्यानें प्रत्यक्ष अनुभवलें, असा अधिकारी आपल्या तालुक्याला लाभला होता.

श्रोतेहो, सध्यां संरक्षणाच्या एक्स, वाय, झेड अशा श्रेणी आहेत. धोका किती, हें पाहून त्या ठरवावयाच्या असतात; मात्र कित्येकांना त्यांतून आपली प्रतिष्ठा ठरते असें वाटतें. पूर्वीं दारांत हत्ती झुलत, आतां मोटारींत बंदूकधारी बसतो. हत्ती निदान चारा खाऊन स्वस्थ उभा राहत असे. येथें मात्र एक शिकविलेला, शपथ घेतलेला पोलीस मिरविण्यासाठीं उभा केला जातो, आणि तेवढ्यानें एखाद्या ठाण्यांत एक मनुष्य कमी होतो. भयाचें कारण नसतांना मागून घेतलेला अंगरक्षक ही सरकारी खजिन्याची उधळपट्टी तर आहेच, पण ज्याच्या जीवावर खरोखर बेतलें आहे, त्याच्या दारावरचा पहारा त्यामुळें उणा पडतो.

आणि ज्यांना संरक्षणाची खरी गरज आहे, त्यांच्यावर कांहीं ऋण आहे. 'या वाटेनें आज नको' असें अंगरक्षक म्हणाला, तर ती वाट सोडावी. त्या क्षणीं तो हाताखालचा नसतो. तो मोटारींत आपलें बोलणें ऐकतो आणि विसरतो. त्या मौनाचा मान ठेवावा. लग्नसमारंभांत पंगती उठतात, साहेबांचें जेवण होतें, आणि हा मात्र दाराशीं उभा असतो. त्याला कोणी तरी वेळेवर दोन घांस खाऊं घालावे. त्याची पाळी वेळेवर बदलावी, कारण चौदा तास उभ्या असलेल्या माणसाची नजर हातांवर टिकत नाहीं. दिवाळीच्या पहांटे तो दुसऱ्याच्या दारांत असतो, आणि त्याचीं स्वतःचीं मुलें तो येईल म्हणून अभ्यंगाला थांबलेलीं असतात.

ज्यांच्या घरीं असा मनुष्य रोज दाराशीं उभा असतो, त्या गृहस्थांना व गृहिणींना माझी एवढीच विनंती आहे कीं, आज रात्रीं त्याचें नांव विचारून घ्या, आणि त्याची पाळी किती वाजतां संपते तेंही विचारा.