ट्रॅक्टर तरुण हाती देताना



पोळ्याच्या दिवशी अलीकडे अनेक गावांत बैलांच्या मागोमाग ट्रॅक्टरही मिरवणुकीत येतो. त्याला धुऊनपुसून हार घातलेला असतो, बॉनेटवर हळदकुंकवाची बोटे उमटलेली असतात आणि स्टिअरिंग धरून घरातला आठ-दहा वर्षांचा मुलगा ऐटीत बसलेला असतो. प्रसंग कौतुकाचाच, त्यात कोणाला वावगे वाटत नाही. परंतु त्याच घरात पुढे दोन-तीन वर्षांनी त्याच मुलाला, "एवढी ट्रॉली मळ्यात नेऊन लाव," असे सांगितले जाते. कौतुक कोठे संपले आणि जोखीम कोठे सुरू झाली, हे घरातल्या कोणाच्याच ध्यानात येत नाही.

बैलांच्या औताची गोष्ट निराळी होती. दहा-बारा वर्षांचे पोर औत हाकीत असे आणि ते चुकले तरी बैल सहसा चुकत नसत. बांध आला की जोडी आपोआप वळे, ओहोळाच्या काठाशी अडून राही, वाटेत लेकरू आले तर थबके. जनावराला स्वतःच्या जिवाची काळजी असते व तिच्या आश्रयाने हाकणाराही सुरक्षित राहतो. ट्रॅक्टरला जीव नाही आणि म्हणून भीतीही नाही. सुमारे दोन टन वजनाचे हे यंत्र क्लच सुटला की पुढे जाते. पुढे बांध आहे की विहीर, हा विचार सर्वस्वी चालकाचा. औत हाकण्याचे वय ट्रॅक्टरला लावण्याची चूक अनेक घरांना फार महाग पडली आहे.

कायद्याने ही मर्यादा स्पष्ट केली आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ४ नुसार १८ वर्षे पूर्ण झाल्याखेरीज कोणालाही सार्वजनिक जागी ट्रॅक्टर चालविता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने त्यात कलम १९९ अ घातले गेले. अल्पवयीन मुलाच्या हातून वाहनाचा गुन्हा घडल्यास पालकाला वा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कारावास आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. वाहनाची नोंदणी बारा महिन्यांकरिता रद्द होते व त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. मात्र हा परवान्याचा कायदा रस्त्यापुरता आहे. स्वतःच्या शेतात मुलाला अडविणारा शिपाई कोणी नसतो. तेथे कायद्याचे काम वडिलांनाच करावे लागते.

ही उणीव केवळ आपल्याकडची नव्हे. अमेरिकेत १६ वर्षांखालील मजुराला २० अश्वशक्तीहून मोठा ट्रॅक्टर प्रशिक्षणाशिवाय चालविण्यास देता येत नाही, पण आईवडिलांच्या स्वतःच्या शेतावर काम करणाऱ्या मुलांना तो नियम लागू होत नाही. त्याच देशात रानावनात फिरण्यासाठी लहान चारचाकी वाहने मिळतात. त्यांत मुलांच्या वयोगटानुसार कमी शक्तीची, मर्यादित वेगाची मॉडेल बनविली जातात, आणि मोठ्या इंजिनाच्या वाहनावर ते सोळा वर्षांखालील मुलांसाठी नाही अशी सूचना छापलेली असते. ट्रॅक्टराची अशी बालआवृत्ती निघत नाही. त्याचा क्लच, त्याचे ब्रेक, त्याचे आसन हे सारे पूर्ण वाढलेल्या माणसाच्या मापाचे असते. क्लच पूर्ण दाबण्यासाठी ज्याला आसनावरून पुढे घसरावे लागते, त्याची उंची आणि बळ अद्याप त्या यंत्राला पुरे नाही, हे बाकी काही न पाहताही ठरविता येते.

ट्रॅक्टर उलटतो कसा, हे नीट समजून घेतले पाहिजे, कारण जीव जातो तो बहुधा तेथेच. मोठी मागची चाके चिखलात रुतली आणि चालकाने गती वाढवून क्लच झटक्यात सोडला, तर इंजिनाच्या जोराला चाक फिरविता येत नाही. मग तो जोर आसाभोवती ट्रॅक्टराचे धूडच उचलू लागतो. पुढची चाके जमीन सोडतात आणि ट्रॅक्टर मागे, चालकाच्या अंगावर येतो. या सर्वाला दीड सेकंदही पुरा लागत नाही. "उडी मारून वाचू" असे म्हणणाऱ्याला पाय रिकाबीवरून काढण्याइतकाही अवकाश मिळत नाही. रुतलेले चाक निघावे म्हणून त्याला लाकडाचा ओंडका साखळीने बांधण्याची युक्ती काही जण करतात. तीमुळे चाक अडते आणि धूड उचलले जाण्याची शक्यता वाढतेच. अशा वेळी चाकामागची माती उकरून मागे घेण्याचा प्रयत्न करावा, नाही तर दुसऱ्या ट्रॅक्टराची मदत मागावी. त्यात कमीपणा काही नाही.

ओढण्याचा दोर किंवा साखळी ड्रॉबारलाच लावावी. टॉप लिंकला किंवा आसाच्या वर कोठेही लावल्यास तोच पलटीचा धोका उभा राहतो.

बाजूला उलटण्याचे कारण बहुधा वेग असतो. वळणावर वेग दुप्पट झाला की बाहेर फेकणारा जोर चौपट होतो. बांधाच्या कडेची माती पावसाने पोकळ झालेली असते. तिच्यावर एक चाक गेले की पुरे. चढावर अवजार जड असेल तर मागे घेत चढणे आणि पुढे तोंड करून उतरणे हे अनुभवी चालक जाणतात, मुलाला ते सांगावे लागते. उतारावर डिझेल वाचविण्यासाठी न्यूट्रल करून गाडी सोडण्याची खोड तर वडीलधाऱ्यांतच असते आणि मुले ती पाहून शिकतात. भरलेली ट्रॉली मागून ढकलू लागली म्हणजे ब्रेकांनी काम भागत नाही. ज्या गिअरमध्ये चढ चढला असता त्याच गिअरमध्ये उतरावे.

स्वीडनने १९५९ पासून नव्या ट्रॅक्टरांवर चालकाभोवती पोलादी संरक्षक चौकट सक्तीची केली आणि तेथील पलटीचे मृत्यू पुढे फार मोठ्या प्रमाणात घटले. आपल्याकडेही काही ट्रॅक्टरांवर अशी चौकट मिळते. तिच्यासोबत आसनाचा पट्टा बांधलाच पाहिजे. पत्र्याचे किंवा फायबरचे जे छत उन्हासाठी बसविलेले असते ते मात्र ही चौकट नव्हे. त्याच्या भरवशावर राहणे म्हणजे छत्रीच्या आधाराने छप्पर पेलण्यासारखे आहे.

ट्रॅक्टरावर एकच आसन असते व बसणाराही एकच असावा. मडगार्डवर बसलेले मूल खड्ड्याच्या एका हिसक्याने पडते ते थेट मागच्या चाकापुढे. मागे घेताना अवजाराच्या पाठीशी उभे असलेले लहान मूल आसनावरून दिसत नाही. म्हणून आधी खाली उतरून पाहावे व मग गाडी मागे घ्यावी. रोटाव्हेटर, मळणीयंत्र यांना शक्ती देणारा पी.टी.ओ. शाफ्ट साधारणपणे मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. साडीचा पदर, ओढणी, धोतराचा सोगा, गळ्यातला पंचा त्यात सापडला तर हात मागे घेण्याचे भान येण्याआधीच माणूस ओढला जातो. शाफ्टवरील संरक्षक कव्हर एकदा काढले की ते गोठ्याच्या कोपऱ्यात पडून राहते, हा सार्वत्रिक अनुभव आहे. कव्हर नसलेला शाफ्ट जोडूच नये.

मग तरुण मुलाने ट्रॅक्टर शिकूच नये काय? अवश्य शिकावा, पण शिक्षणाचा क्रम उलटा करावा. आज मूल आधी स्टिअरिंग शिकते आणि ग्रीसगन कधीच हाती घेत नाही. त्याऐवजी चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाच्या हाती बंद ट्रॅक्टर द्यावा. सकाळी इंजिन थंड असताना, सपाट जागी, तेलाची पट्टी काढून पुसावी, पुन्हा घालून पातळी पाहावी. रेडिएटरचे पाणी पाहावे. गरम इंजिनाचे झाकण उघडू नये हे पहिल्याच दिवशी सांगावे, कारण उकळते पाणी उसळून तोंडावर येते. ऑइलबाथ पद्धतीचा एअर क्लीनर असेल तर त्याच्या वाटीतील तेलात साचलेला गाळ पाहावा. उन्हाळ्यात कोरड्या रानात रोटाव्हेटर चालविल्यावर एका दिवसात तेथे किती धूळ बसते, हे एकदा मुलाने डोळ्यांनी पाहिले की ते साफ करण्यास त्याला दुसऱ्यांदा सांगावे लागत नाही. फॅनबेल्टचा ताण, टायरांतील हवा, चाकांचे नट, हूकची पिन आणि तिची खीळ या गोष्टी रोजच्या. पुढे एक वही घालून तीत तास-मीटरचा आकडा रोज टिपावा, कारण ट्रॅक्टराचे वय किलोमीटरांत नव्हे, तासांत मोजतात. अनेक ट्रॅक्टरांना इंजिनाचे तेल २५० तासांनी बदलावे लागते. नेमका आकडा कंपनीच्या पुस्तिकेत असतो.

ही कामे क्षुल्लक वाटतात. परंतु देखभालीतली ढिलाई आणि अपघात यांचे नाते फार जवळचे आहे. बॅटरी दुबळी झाली की मालक ती बदलण्याऐवजी ट्रॅक्टर उतारावर लावू लागतो, म्हणजे सकाळी ढकलताच चालू होतो. मग त्याच उतारावर उभ्या ट्रॅक्टरावर मुले खेळतात आणि एखाद्याच्या हाताने ब्रेक सुटतो. किंवा किल्लीने इंजिन लागत नाही म्हणून चाकाजवळ जमिनीवर उभे राहून तारेने स्टार्टर 'डायरेक्ट' केला जातो; ट्रॅक्टर गिअरमध्ये असला तर तो उभ्या माणसावरून निघून जातो. ब्रेकचेही तसेच. शेतात वळताना चालक एकाच बाजूचा ब्रेक अधिक वापरतो, म्हणून त्याचे लायनर लवकर झिजते. रस्त्यावर निघताना दोन्ही पेडल जोडपट्टीने एकत्र करणे आवश्यकच. पण दोहोंचा ताण सारखा नसेल तर पट्टी असूनही जोरात ब्रेक दाबताच गाडी एका अंगाला ओढते. महिन्यातून एकदा मोकळ्या मैदानात ही परीक्षा करून पाहावी.

अधिक पद्धतशीर शिक्षणाची सोयही आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत ट्रॅक्टर मेकॅनिकचा व्यवसाय अभ्यासक्रम शिकविला जातो. मध्य प्रदेशातील बुदनी येथे १९५५ पासून केंद्र सरकारची शेतीयंत्रांच्या प्रशिक्षणाची व चाचणीची संस्था कार्यरत आहे. दहावीनंतर घरीच राहणाऱ्या मुलाला बापाच्या वाईट सवयींसह ट्रॅक्टर शिकविण्यापेक्षा हा मार्ग बरा.

ऊस गाळपाच्या हंगामात तर हा प्रश्न रस्त्यावर येतो. दोन-दोन ट्रॉल्या उसाने भरून रात्री कारखान्याकडे निघतात. उसाची वाढे मागचे दिवे झाकून टाकतात. मागून येणाऱ्या मोटारसायकलस्वाराला काळोखातला तो काळा ढीग अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. ट्रॉलीच्या मागे, उसाच्या बाहेर येईल अशा बेताने परावर्तक पट्ट्या किंवा तांबडे परावर्तक कापड लावण्यास फार खर्च येत नाही. चिखलाने माखलेला परावर्तक मात्र नसल्यासारखाच. तो ओल्या फडक्याने पुसणे हेही त्या वहीतले एक काम असावे. बंद पडलेली ट्रॉली रस्त्यात सोडून, चाकाखाली लावलेले दगड तेथेच टाकून निघून जाणारे चालक हा आणखी एक ताप. आणि ट्रॅक्टरावर कर्णे बसवून मोठ्याने गाणी लावण्याचा जो शौक तरुणांत वाढला आहे, त्यापायी मागच्या वाहनाचा हॉर्न ऐकू येत नाही, एवढे तरी त्यांना कोणी सांगावयास हवे.

संध्याकाळी काम संपल्यावर ट्रॅक्टर सपाट जागी लावावा, उचललेले अवजार जमिनीवर टेकवावे, हँडब्रेक ओढावा आणि किल्ली काढून घ्यावी. ती खुंटीला लावू नये. मोठ्या माणसाने जवळ ठेवावी. एक गोष्ट मात्र आसनावर कधीही न बसणाऱ्यांनाही ठाऊक असली पाहिजे. अनेक जुन्या डिझेल ट्रॅक्टरांचे इंजिन किल्ली फिरवून बंद पडत नाही, त्यासाठी वेगळा दांडा ओढावा लागतो. पदर शाफ्टमध्ये अडकलेली असताना किंवा कोणी चाकाखाली सापडलेले असताना धावत येणारे माणूस बहुधा घरातलीच एखादी बाई किंवा म्हातारा असतो. तो दांडा कोठे आहे आणि कसा ओढावयाचा, हे एखाद्या मोकळ्या दुपारी सासूसुनेसह साऱ्या घराला जवळ बोलावून, प्रत्येकाच्या हाताने एकदा करवून घ्यावे.