एका नदीचे पाच हिशेब



नदीच्या शास्त्रावर बोलायला कामगार संघटनेचा माणूस उभा राहिला याचे काहींना नवल वाटले असेल. आमची शाळा दहावीच्या अलीकडेच सुटली. पुढे जे वाचन झाले ते युनियनच्या कचेरीत, वाटाघाटींच्या आदल्या रात्री. परंतु त्या वाटाघाटींनी आम्हांला एक गोष्ट शिकवली. मालक आणि कामगार यांचे भांडण वरवर पैशाचे दिसते. पुष्कळदा ते आकड्याचे असते, आणि त्याहूनही तो आकडा कोणी काढला याचे असते. आमच्या आधीच्या पिढीने मुंबईत १९६३ च्या सुमारास महागाईच्या निर्देशांकावरून केवढा लढा दिला! बाजारात भाव चढत होते, कागदावरचा आकडा मागे रेंगाळत होता, आणि भत्ता मिळायचा तो कागदावर. अखेर सरकारला लकडावाला समिती नेमावी लागली आणि निर्देशांकात दोष असल्याचे निघाले. मोजणारा एकटा असला की असे होते.

युरोपातल्या ऱ्हाईन नदीची हकीकत आम्ही वाचू लागलो ती या नजरेने. वाचायची पाळी का आली, ते ओघाने सांगू.

ही नदी स्वित्झर्लंडच्या आल्प्स पर्वतात उगम पावते आणि सुमारे १२३० किलोमीटर वाहून नेदरलँड्समध्ये, म्हणजे आपण ज्याला हॉलंड म्हणतो तिथे, समुद्राला मिळते. मध्ये बाझल, स्ट्रासबुर्ग, कोलोन अशी मोठी शहरे, आणि काठाने रसायनांचे कारखाने, खाणी, पोलादाच्या भट्ट्या. वरचा घाण सोडतो आणि खालचा ती पितो, हा जगातल्या सगळ्या नद्यांचा न्याय. नेदरलँड्स सगळ्यांत खाली, म्हणून ओरड त्यांचीच आधी. १९५० साली बाझल येथे स्वित्झर्लंड, फ्रान्स, जर्मनी, लक्झेंबर्ग आणि नेदरलँड्स या पाच देशांनी नदीच्या संरक्षणासाठी एक मंडळ स्थापले. महायुद्ध संपून पुरी पाच वर्षे झाली होती. कालचे वैरी एका टेबलाशी बसले, हेच पुष्कळ म्हणायचे.

आता मौज अशी की या मंडळाने पहिली कित्येक वर्षे नदी मुळीच स्वच्छ केली नाही. मोजायचे कसे एवढ्यावरच खल चालला. रीतसर करारही १९६३ साली बर्नमध्ये झाला. तेथे आम्ही असतो तर ‘कागदी घोडे’ म्हणून मोर्चाच काढला असता. परंतु जरा खोलात जाऊन पाहा. नदीचे पाणी म्हणजे हंड्यातले पाणी नव्हे. एखादी उपनदी येऊन मिळाली की तिचे पाणी कितीतरी मैल त्याच काठाला चिकटून वाहते. पलीकडच्या काठाला तिचा वासही नसतो. डाव्या काठाला बाटली भरली तर एक आकडा, उजव्या काठाला भरली तर दुसरा. सकाळचा वेगळा, पुरातला वेगळा. त्यातून प्रत्येक प्रयोगशाळेची तपासण्याची रीत निराळी. पाच देश पाच हिशेब घेऊन बसले तर प्रत्येकाचा हिशेब खरा आणि तंटा मात्र कायम.

जर्मनी आणि नेदरलँड्स यांच्या सरहद्दीवर डाव्या काठाला बिमेन हे जर्मन गाव आणि उजव्या काठाला लोबिथ हे डच गाव. पाणी एकच, पण एकाला ते परदेशी जाताना दिसते, दुसऱ्याला घरात येताना. येथे दोन्ही देशांनी मोजणी केंद्रे उभारली, आणि पुढे ही दोन केंद्रे जोडीने काम करू लागली. वर बाझलच्या खाली वाइल या गावी स्वित्झर्लंड आणि जर्मनीचे बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य १९९३ पासून सामाईक केंद्र चालवतात. तेथे नदीच्या रुंदीत पाच ठिकाणांहून पाणी ओढून घेतात. आमच्या मते त्या सबंध व्यवस्थेचे मर्म या पाच नळ्यांत आहे. ‘तुम्ही सोयीच्या काठाला बाटली भरलीत’ असे म्हणायची सोयच कोणाला उरली नाही.

नुसत्या मोजण्याने नदी सुधारते असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. १९६९ साली एका कीटकनाशकाने नदीतले मासे लक्षावधींनी मेले. पाण्यातला प्राणवायू १९७० च्या आसपास नीचांकाला गेला होता. आकडे होते, ऐकणारे नव्हते.

मिठाचे प्रकरण तर आम्हां युनियनवाल्यांनी मुद्दाम वाचावे असे आहे. फ्रान्सच्या आल्सास भागात पोटॅशच्या खाणी होत्या. पोटॅश काढून झाले की उरणारे मीठ ऱ्हाईनमध्ये सोडत. ते खाली डच बागाइतदारांच्या रोपांना आणि शहरांच्या पाण्याला बाधे. १९७६ साली करार झाला. मीठ कमी करण्याचा खर्च फ्रान्स ३०, जर्मनी ३०, नेदरलँड्स ३४ आणि स्वित्झर्लंड ६ टक्के असा वाटून घ्यायचा ठरला. ज्याला त्रास त्याचाच वाटा सगळ्यांत मोठा! न्यायाला धरून नाही, पण डच लोक कबूल झाले. तरीही फ्रान्समध्ये करार अडकला. ते मीठ आल्सासच्या जमिनीत खोल पुरायचे होते, आणि आपल्या विहिरींचे काय होईल या धास्तीने तिथले लोक उठले. १९७९ च्या अखेरीस नेदरलँड्सने पॅरिसमधला आपला राजदूत परत बोलावला, इतके हे ताणले. करार अमलात आला तो १९८५ साली, आणि पुरण्याचा बेत सोडून मीठ जमिनीवर साठवावे लागले.

हे वाचताना आमच्या मनात आले, त्या खाणीत आमची युनियन असती तर आम्ही कोणाकडून बोललो असतो? उत्तर ठाऊक आहे. खाणकामगाराच्या भाकरीकडून. ते चूक होते असे आजही म्हणवत नाही. फक्त डच माळ्यालाही भाकरी लागते, हे आम्हांला त्या वेळी सुचले नसते.

१ नोव्हेंबर १९८६ रोजी बाझलजवळ सँडोझ कंपनीच्या गुदामाला आग लागली. आग विझवायला मारलेल्या पाण्याबरोबर कीटकनाशके नदीत उतरली, पाणी लाल झाले, आणि शेकडो किलोमीटरपर्यंत सुमारे दीड लाख वाम मासे मेले. खालच्या देशांना अधिकृत वार्ताही उशिरा पोचली. त्यानंतर मात्र चक्रे फिरली. नदीत रंग सोडून तो कोठे, किती वेळात पोचतो हे सर्वांनी मिळून मोजले आणि त्यावरून विषाची लाट कोणत्या गावी केव्हा येईल याचे गणित बसवले. पुढच्या वर्षी मंत्र्यांनी ठरवले की २००० सालापर्यंत ऱ्हाईनमध्ये सॅमन मासा परत आला पाहिजे. १८८५ च्या सुमारास वर्षाला अडीच लाख सॅमन या नदीत धरले जात. १९५० नंतरच्या काळात तो नाहीसा झाला होता. रसायनांची कोष्टके किती जणांना कळतात? मासा आला की नाही हे सगळ्यांना कळते.

तो आला. १९९० साली झीग नावाच्या उपनदीत पहिला सापडला. मग ध्यानात आले की पाणी सुधारले तरी वाटेत धरणे आहेत. इफेट्सहाइमच्या धरणाला २००० साली माशांची शिडी झाली, गाम्ब्सहाइमला २००६ साली. समुद्रतोंडाचे डच दरवाजे २०१८ पासून थोडे उघडे ठेवू लागले. एवढे होऊनही पिल्ले सोडल्यावाचून तो मासा अजून आपल्या पायावर उभा नाही. हा हिशेबही मंडळ लपवत नाही, म्हणून त्याच्या इतर आकड्यांवर आमचा विश्वास बसतो.

आता वाचण्याचे कारण. ज्या कारखान्यात आमची युनियन आहे त्याच्या मागून एक ओढा जातो. कारखान्याच्या आतली धूळ मोजून घ्यायला आम्ही तीन वर्षे भांडलो. भिंतीबाहेरचा ओढा आम्ही कधी मोजला नाही. विषय निघाला की ‘आधी नोकऱ्या’ म्हणून तो बाजूला सारला. एके दिवशी खालच्या गावचे एक शेतकरी काका कचेरीत आले. टेबलावर बाटली ठेवून म्हणाले, “भाऊ, तुमची माणसं आत काम करतात. एवढं पाणी तपासून द्या.” आम्ही तपासून घेतले. पाणी वाईट निघाले. व्यवस्थापनाने आपला दाखला काढला. त्यात पाणी चांगले. साहेबांनी विचारले, “ती बाटली भरली कोणी? कुठे? केव्हा?” प्रश्न अडवणुकीचा होता, पण आम्ही निरुत्तर झालो, कारण धुळीच्या भांडणात हाच प्रश्न आम्ही त्यांना विचारला होता.

त्यानंतर चार बैठका झाल्या. काका, गावचे सरपंच, व्यवस्थापन आणि आम्ही. पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा, सर्वांसमक्ष, ओढ्याच्या दोन्ही काठांना आणि मधोमध नमुना घ्यायचा येथवर मजल गेली आहे. बाटल्या तीन भरायच्या, एक त्यांची, एक आमची, एक मोहोरबंद. मोहोरबंद बाटली कोणाच्या कपाटात ठेवायची यावर येत्या सोमवारी पाचवी बैठक आहे.